सड्यावरची उगवण

मे महिन्याच्या मध्याला रत्नागिरीच्या कुठल्याही सड्यावर पायाखाली काळपट तांबडा जांभा असतो, त्याच्या फटींतून वाळून पांढरी पडलेली गवताची थोटे डोकावत असतात आणि वर उन्हाच्या झळा. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद पोटखराबा, पड, फार तर वरकस अशी असते. बोलताना तिला सरळ ओसाड म्हणतात. मृग बरसला की महिन्याभरात त्याच कातळावर पाऊल कुठे टाकावे असा प्रश्न पडतो. दीपकाडीची पांढरी फुले पहिल्या पावसातच येतात. मग खोलगट जागी साचलेल्या पाण्यात गेंद आणि सीतेची आसवे, कडेच्या पातळ मातीत वीतभर उंचीची गवते, आणि मातीचा थर वाढत जातो तसतशी कुसळीसारखी उंच, गुरांच्या कामाची गवते. ग्लायफोक्लोआ ही गवतांची प्रजाती भारताबाहेर आढळत नाही, आणि तिच्यातल्या एका जातीचे नावच रत्नागिरिका असे आहे. ही सगळी समृद्धी मे महिन्यात कुठे होती? ती तिथेच होती, कंदांच्या आणि बियांच्या रूपात. सडा वर्षातले सात-आठ महिने जमिनीखाली, दोन बोटे मातीत जगतो. म्हणून सड्याबद्दल काही ठरवायचे तर आधी त्याच्या बियांकडे पाहायला हवे, असे माझे म्हणणे आहे. या पुस्तकात पुढे सड्यावरची गवते आणि त्यांच्यात शिरलेली तणे एकेक करून भेटतील. त्याआधी ही तणे शिरतात कशी, हा प्रश्न नीट मांडणे हे या प्रस्तावनेचे काम.

तण पसरले की आपण त्याच्या वाढीबद्दल बोलतो: किती भराभर वाढते, गुरे कशी तोंड लावत नाहीत, कापले तरी पुन्हा कसे फुटते. हे खरे आहे, पण उशिराचे आहे. झाड वाढण्याआधी बी रुजावे लागते. ते कधी, कुठे आणि किती रुजते यावर पुढचे बहुतेक ठरून जाते. गवताळ जमिनीवर तणाचा ताबा बसतो तो दोन वनस्पतींच्या झुंजीत कमी आणि रुजण्याच्या संधीत जास्त, आणि ती संधी बहुतेक वेळा माणसाने दिलेली असते. हा माझा मुद्दा आहे. त्याचा पुरावा बियांच्या घडणीतच आहे.

कुसळीचे एक बी चिमटीत धरून पाहावे. टोकाला सुईसारखी धार, तिच्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि वर दोन-तीन इंच लांबीचे, दोरीसारखे पीळ पडलेले तपकिरी कुसळ. त्यावर पाण्याचा एक थेंब टाकला की पीळ उलगडू लागतो आणि बी चिमटीत गरगर फिरते; वाळले की पुन्हा पीळ बसतो. रात्रीचे दव आणि दिवसाचे ऊन एवढ्या भांडवलावर हे बी जमिनीवर फिरत राहते, एखादी भेग सापडली की टोक आत घुसते, आणि मागे वळलेले केस त्याला परत बाहेर येऊ देत नाहीत. धोतराच्या सोग्यात घुसणारे कुसळ आपण वैतागून उपटतो. तीच युक्ती त्याला मातीत उतरवते. पण मातीत उतरले म्हणून ते लगेच रुजत नाही. कार्तिकात झडलेले ताजे बी ओल मिळाली तरी बहुतांशी निपचित राहते. त्याला उन्हाळा अंगावर काढावा लागतो, कोरड्या उष्णतेत महिने जावे लागतात, तेव्हा त्याची झोप उतरते. दिवाळीनंतर एखादी अवकाळी सर आली आणि सगळे बी रुजले, तर पुढच्या सात महिन्यांच्या कोरडीत त्यातला एकही कोंभ टिकणार नाही. ही झोप म्हणजे त्या गवताचे शहाणपण आहे, आणि ते रत्नागिरीच्या पावसाशी जुळलेले आहे.

हा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो, पण त्याची सुरुवात भरवशाची नसते. 2023 साली मोसमी पाऊस 11 जूनला रत्नागिरीपर्यंत पोचला, आणि अरबी समुद्रात ‘बिपरजॉय’ चक्रीवादळ असताना तिथेच अडून राहिला. मुंबईला तो 25 जूनला लागला. 2025 साली उलट झाले, मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यातच तो कोकणात आला. अशा लहरी पावसात एखाद्या वनस्पतीचे सगळे बी पहिल्या सरीला रुजले तर एका फसव्या वर्षात तिचा वंश संपेल. 1966 साली डॅन कोहेन यांनी गणिताने दाखवले की बेभरवशाच्या हवामानात काही बी मागे राखणारी वर्षायू वनस्पती शेवटी जास्त टिकते. मृगाला सगळी दाढ एकदम न पेरता थोडे बियाणे कणगीत ठेवणारा शेतकरी हेच करतो. मात्र या सावधपणाची किंमत आहे. सड्याचे गवत हळू चालणारे आहे. रिकामी जागा दिसली की धावत जाऊन ती भरणे त्याच्या स्वभावात नाही, कारण हजारो वर्षे ती जागा भरायला दुसरे कुणी आलेच नव्हते.

आता दुसरे बी पाहू. रानमोडीचे. चार-पाच मिलिमीटर लांब, काळे, बारीक काडीसारखे, आणि डोक्यावर पांढऱ्या केसांचा झुबका. वजन जवळजवळ नाहीच. थंडीत झुडपावर फिकट जांभळी-पांढरी फुले येतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये ती वाळून कापसासारखी होतात, आणि दुपारचा वारा सुटला की बी उडते. एका मोठ्या झुडपाला एका हंगामात हजारोंनी बी धरते. जे वाऱ्याने जात नाही ते कपड्यांना, गुरांच्या अंगाला आणि गाडीच्या चाकाला लागलेल्या चिखलातून जाते. हे झुडूप मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. 1840 च्या दशकात ते शोभेसाठी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आले, तिथून बंगाल आणि आसामात पसरले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास पश्चिम किनाऱ्यावर दिसू लागले. केरळात त्याला ‘कम्युनिस्ट पच्चा’ असे नाव पडले, इतके ते एकाएकी सगळीकडे उगवलेले दिसले. आपल्याकडे नावातच रान मोडणे आहे. पण या बलाढ्य तणाच्या बीला एक मोठी उणीव आहे, तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. ते इतके लहान आहे की त्यात शिदोरीच नाही. खोल पुरले गेले तर त्याचा कोंभ वर येऊ शकत नाही, आणि दाट गवताखाली पडले तर सावलीत मरतो. त्याला उघडी माती आणि उजेड लागतो.

बीला उजेड कळतो कसा, हे कोडे 1952 साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथल्या शास्त्रज्ञांनी सॅलडच्या लेट्यूसच्या बियांवर सोडवले. तांबडा प्रकाश पडला की बी रुजायला निघते, आणि त्याच्याही पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा अतितांबडा प्रकाश पडला की थांबते. हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषतात आणि अतितांबडा खाली सोडतात. म्हणजे बारीक बी वर कुणाचे छत आहे का, हे प्रकाशाच्या रंगावरून ओळखते. घट्ट, निरोगी गवताची चादर ही तणाच्या लाखो बियांना रोज मिळणारी ‘थांबा’ अशी सूचना असते, आणि ती सूचना द्यायला कुणाला मजुरी द्यावी लागत नाही. ही चादर फाडली की तेच बी दोन-चार पावसांत उठते.

आणि चादर आपण कुठे कुठे फाडतो? चिरेखाणीच्या कडेला टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर. रस्ता रुंद करताना उकरलेल्या बाजूपट्टीवर. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने कोकणात आंबा-काजूची लागवड झपाट्याने वाढवली. तिने अनेक घरे उभी केली, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. पण कलमे सड्यावर चढली तेव्हा कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले गेले आणि त्यांत दुसरीकडची माती भरली गेली. त्या मातीबरोबर दुसरीकडचे बी आले. जिथे दोन बोटे माती होती तिथे हातभर भुसभुशीत, खत घातलेली, उघडी माती मिळाली. सड्याच्या गवतासाठी ती जागा परकी आणि रानमोडीसाठी अगदी घरची. कुठल्याही सड्यावर ही झुडपे पाहत चालले तर ती कुठे दाट आहेत याचा नकाशा मनात सहज तयार होतो: गडग्याच्या कडेने, खाणीच्या तोंडाशी, ट्रक जातो त्या वाटेने, बागेच्या भोवती. सलग, न उकरलेल्या गवतात ती तुरळक असतात.

यावर असे म्हटले जाते की मग काळजी कशाला? उघड्या कातळावर रानमोडी उगवूच शकत नाही, सडा आपोआप सुरक्षित आहे. निव्वळ कातळापुरते हे खरे आहे. पण सडा म्हणजे एकसारखा दगड नव्हे. त्यात डबकी आहेत, फटी आहेत, पातळ मातीचे पट्टे आहेत आणि जिथे माती वीतभर किंवा जास्त आहे अशी कुरणे आहेत. तण नेमके या शेवटच्या भागांत शिरते. गुरांचा चारा तिथेच होतो, चंडोल आपली अंडी अशाच गवताच्या आडोशाला घालतो, आणि सड्याच्या गवतबियांचा मुख्य साठाही तिथेच असतो. कातळ शाबूत राहून कुरण गेले, तर जे उरेल त्याला सडा कसे म्हणायचे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परदेशी म्हणून तणाला हाकलायचे तर काजूचे काय? तो ब्राझीलचा, पोर्तुगिजांबरोबर आला. मिरचीही तिकडचीच. कोकणचे अर्थकारण आणि कोकणचे ताट दोन्ही परक्या वनस्पतींवर उभे आहे. हा आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच मी मूळ देशाच्या भाषेत बोलत नाही. वनस्पती कुठून आली याने मला फरक पडत नाही. तिचे बी इथे कसे वागते याने पडतो. काजूची बी जड, ती बहुतेक झाडाखाली पडते, आणि पडली की माणूस ती वेचून घरी नेतो. रानमोडीचे बी कुणी वेचत नाही. रानतुळशीचे बी भिजले की सब्जासारखे चिकट आवरण फुगवते, जमिनीला धरून बसते आणि आपल्यापुरते पाणी राखते. पातळ मातीच्या उन्हाळी जागेसाठी याहून सोयीची युक्ती नाही. ऑस्ट्रेलियन अकेशिया 1980 नंतर वनीकरणासाठी सड्या-माळांवर लावला गेला. त्याची काळी, टणक बी नारिंगी दोऱ्याने शेंगेला लोंबते, पक्षी त्या रंगाला भुलतात आणि बी दूर नेतात. लावलेल्या रांगांबाहेर त्याची रोपे दिसतात ती यामुळे. प्रत्येक पाहुण्याचा हिशेब असा त्याच्या बीवरून मांडावा.

रानमोडीच्या बाजूनेही काही सांगितले जाते आणि ते ऐकून घेतले पाहिजे. पश्चिम आफ्रिकेत काही शेतकरी तिला चांगली मानतात, कारण पडीक ठेवलेल्या शेतात ती लवकर वाढून जमीन झाकते आणि कस परत आणते. आपल्याकडेही तिचा कोवळा पाला चिखलणीत गाडतात, जखमेवर लावतात. हे उपयोग खरे आहेत. ते फुलण्याआधी कापलेल्या झुडपाचे उपयोग आहेत, एवढेच लक्षात ठेवावे. पाला जितका जास्त वापरला जाईल तितके बी कमी पडेल, म्हणून या उपयोगाला माझा विरोध नाही. पण गावात गुरे कमी झाली, नांगराची जागा पॉवर टिलरने घेतली, आणि हिरवळीसाठी पाला तोडायला डोंगरावर जाणारे हात मुंबईला गेले. उपयोग करणारे माणूसच उरले नाही तेव्हा उपयुक्ततेचा मुद्दा कागदावर राहतो.

सगळ्यांत जास्त ऐकू येणारा आक्षेप तो तिसरा: काही का असेना, हिरवे तर होते आहे, ओसाड कातळापेक्षा झाडोरा बरा. या एका समजुतीने सड्याचे जेवढे नुकसान केले तेवढे रानमोडीने केले नसेल. गवताळ जमीन म्हणजे बिघडलेले जंगल, ही समजूत इंग्रजी अमलातल्या वनखात्याच्या लाकूडमोजणीतून रुजली आणि आपण ती पुढे चालवली. रत्नागिरीत तिला उत्तर द्यायला कातळशिल्पे पुरेशी आहेत. कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, जांभरुण, देवीहसोळ, रुंढे तळी ही जिल्ह्यातली सात ठिकाणे सिंधुदुर्गातल्या कुडोपी आणि गोव्यातल्या फणसमाळ यांच्यासह 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यांच्या वयाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण एक गोष्ट वादापलीकडची आहे: कशेळीचा तो अवाढव्य हत्ती ज्याने कोरला त्याला कातळ उघडा मिळाला होता. जंगलाच्या मातीखालचा दगड कुणी कोरत नाही. शिल्पांत एकशिंगी गेंड्यासारखा गवतखाऊ प्राणीही आहे. म्हणजे सडा हा आपल्या पिढीने किंवा आपल्या आजोबांनी तोडलेल्या रानाचा अवशेष नाही, तो फार जुना उघडा प्रदेश आहे. असे असताना दर जूनमध्ये उत्साही मंडळी सड्यावर सीड बॉल फेकायला जातात. हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण त्या मातीच्या गोळ्यात कुठले बी आहे, ते कुठल्या जमिनीचे आहे आणि रुजले तर कुणाच्या डोक्यावर सावली धरणार आहे, हे विचारलेच जात नाही. दीपकाडीवर सावली आली तर ती जगणार नाही. सड्यावर झाड लावणे हे कित्येकदा सडा पुसणे असते.

वणव्याचा प्रश्न सोपा नाही, आणि त्याबाबत माझे मत एका वाक्यात बसत नाही. आग गवताची शत्रूच असते असे नाही. कुसळीसारखी गवते जळाल्यावर बुडख्यातून फुटतात, आणि धुराने काही बिया जास्त चांगल्या रुजतात हेही सिद्ध झाले आहे. धुरातला तो घटक 2004 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ओळखला. मग कुणी म्हणेल, सडा पेटू द्यावा. पण वेळ पाहा. न कापलेले गवत जानेवारीपासून पेटत राहते. रानमोडीचे बी फेब्रुवारी-मार्चमध्ये उडते. म्हणजे आग लागून गेलेल्या, उघड्या, उजेडाच्या, राखेने भरलेल्या जमिनीवर हे बी अगदी पेरल्यासारखे येऊन पडते आणि जूनची वाट पाहते. शिवाय जुनी झुडपे वरून जळली तरी बुडख्यातून पुन्हा फुटतात. कडेला रानमोडी नसलेल्या सड्यावर आग एक गोष्ट करते, आणि चारी बाजूंनी रानमोडीने वेढलेल्या सड्यावर वेगळीच. पूर्वी हा प्रश्न आला नाही, कारण दसऱ्यानंतर गवत कापले जाई, भारे बांधून उडव्या रचल्या जात आणि पेटायला फारसे काही शिल्लक राहत नसे. सगळा सडा एका आठवड्यात कापून होत नसे, त्यामुळे उरलेल्या गवताचे बी पडायला वेळ मिळे. कापणी थांबली आणि हे जुने वेळापत्रक मोडले.

मग करायचे काय? इथे मी निराश नाही, आणि त्याचे कारणही बीमध्येच आहे. मिशिगनमध्ये विल्यम बील यांनी 1879 साली तणांच्या बियांच्या 20 बाटल्या पुरून ठेवल्या. 2021 साली त्यांतली एक उकरली तेव्हा एका जातीचे बी अजून रुजले. असे दीर्घायुषी तण सड्यावर असते तर लढाई हरल्यात जमा होती. रानमोडीचे बी मात्र मातीत थोडीच वर्षे जगते. सलग काही वर्षे तिला फुलू दिले नाही तर त्या जागेचा साठा आटतो. दक्षिण आफ्रिकेत ह्लुह्लुवे-इम्फोलोझी या संरक्षित क्षेत्रात याच रानमोडीने गवताळ रान भरून टाकले होते. तिथे माणसे लावून ती काढली, पुन्हा पुन्हा त्याच जागी परत जाऊन नवी रोपे उपटली, आणि ती मोठ्या प्रमाणावर हटली. यात गोम आहे ती परत जाण्यात. एकदा साफ करून सोडून देणे म्हणजे नव्या बियांसाठी उघडी जमीन तयार करून देणे, आणि आपल्याकडे बहुतेक मोहिमा तिथेच संपतात.

बागांमधली बेणणी आज पावसाळा संपल्यावर होते, कलमांना वणव्याची झळ लागू नये म्हणून. ग्रासकटरने झुडूप वरून कापले जाते, बुडखा राहतो आणि पुढच्या पावसात दुप्पट फांद्या घेऊन उठतो. त्याच झुडपाचे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे रोप श्रावणात, माती मऊ असताना हाताने ओढले तर मुळासकट येते. मजुरी कुणी द्यायची, हा प्रश्न खरा आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. पण एका जुन्या झुडपाच्या मुळ्या मार्चमध्ये टिकावाने काढायची मजुरी श्रावणातल्या त्या ओढण्याच्या अनेक पट असते, हा हिशेब कुठल्याही बागायतदाराला समजावून सांगावा लागत नाही. सगळीकडे एकदम हात घालण्यातही अर्थ नाही. जिथे सलग गवत अजून शाबूत आहे त्याच्या कडा आधी राखाव्यात, आणि पूर्ण भरलेली जागा शेवटी घ्यावी.

उपटल्यावर मोकळी झालेली माती मोकळी ठेवता येत नाही. तिथे गवत परत आणावे लागते, आणि सड्याचे गवत दुकानात मिळत नाही. ते जवळच्याच सड्यावरून घ्यावे लागते: कुसळ पिकून तपकिरी झाले की, झडण्याच्या आठ-दहा दिवस आधी, विळ्याने ओंब्या कापून. ते गोणीत भरून उन्हाळाभर कोरड्या जागी ठेवावे, घाई करून भिजवू नये. त्याची झोप पुरी व्हायची असते. मेच्या अखेरीस ते उकरलेल्या जागेवर पसरावे, वर पेंढ्याचा पातळ थर द्यावा, आणि माती ओढून झाकू नये. एकदा ओल लागली की कुसळ पीळ सोडू लागते आणि भेग शोधायचे काम बी स्वतः करते.